आधी गाडी बघू

पुनावळ्यात सयाजीच्या घरी दोन गोष्टी झाकून ठेवल्या होत्या. एक गोठ्यात, ताडपत्रीखाली. दुसरी मधल्या खोलीत, साडीच्या निऱ्यांखाली. आणि रविवारी सकाळी या दोन्ही गोष्टी बघायला चाकणहून एकच पाहुणे यायचे होते.

गोठ्यात होती लाली. गोठा नुसता नावाला. म्हशी कधीच गेल्या होत्या, वास तेवढा पावसाळ्यात परत यायचा. जमीन बिल्डरला गेली तेव्हा सयाजीनं पहिली खरेदी केली ती लालीची. पिंपरीतल्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबाची जुनी परदेशी गाडी, दोन दारांची, कापडी छपराची, आणि लाल तरी किती, समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून लोक फोटो काढायचे. सीट मात्र दोनच. घरात माणसं चार. म्हणजे गाडी दारात आली त्याच दिवशी ठरलं की दोघांनी कायम हात हलवत उंबऱ्यात उभं राहायचं. त्या दोघी म्हणजे आई आणि धाकटी दिव्या.

मधल्या खोलीत होती दिव्याची मोठी बहीण वर्षाली. ती दिसायला अशी की तिच्याकडे बघून बायका आपल्या मुलींचे केस नीट करायच्या. पण तीन वर्षांपूर्वी आप्पा, म्हणजे सयाजीच, तिला लालीत घेऊन चाकणच्या रस्त्याला हवा खायला गेले आणि उभ्या ट्रेलरच्या कोपऱ्याला गाडीची डावी बाजू घासत नेली. आप्पांना खरचटलंसुद्धा नाही. लालीचं डावं दार आत गेलं आणि दारासोबत वर्षालीचा डावा पाय. मग लालीला भागातल्या सगळ्यात नामी मिस्त्रीकडं टाकलं आणि वर्षालीला जो दवाखाना आधी लागला त्यात. लाली अशी उठली की तिला काही झालं होतं हे ब्रह्मदेवाला कळू नये. वर्षाली उठली ती पायात सळई घेऊन आणि डावीकडे झुकून. गावाला सांगितलं, पोरगी मामाकडं शिकायला गेलीय आणि गाडी सर्व्हिसिंगला. परत आल्यावर पोरगी घराबाहेर पडेनाशी झाली, तेव्हा सांगितलं, अभ्यास लई असतो तिला.

दिव्या दहावीत होती आणि तिला नुकताच कंठ फुटला होता. म्हणजे आधी मुकी होती असं नाही, पण वर्गात बाईंनी उठवलं की घशात बोळा बसल्यासारखी नुसती उभी राहायची. ती बोलती झाली वर्षालीमुळं. ताई पलंगावर पडून होती ते जवळपास वर्षभर दिव्या शाळेतून आली की दप्तर फेकून तिच्या शेजारी चढायची. ताई तिला भाषणं म्हणायला लावायची. "आवाज पोटातून काढ. घशातून काय मांजर ओरडते." मागच्या महिन्यात दिव्यानं तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा मारली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण राहिलं नव्हतं. रिक्षावाल्याशी वाद, वाण्याशी वाद, टॉवरमधल्या काकूंना मराठीतून मराठी शिकवणं. जिंकल्यासारखं वाटायचं तिला, उठताबसता.

आणि त्याच पलंगावर दोघींनी मोबाईलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून पार डोळे फोडले होते. वर्षालीला तो नादच लागला होता. जुनी गाडी घेताना काय बघायचं, कुठं हात लावायचा, कुठं नाक लावायचं. "मला बघायचंय," ती म्हणायची, "की तिला कितपत बरं केलंय." काठी टेकत गोठ्यात जाऊन तिनं दिव्याला लाली बोटानं दाखवली होती. हे खरं, हे खोटं, हे खरं, हे पूर्ण खोटं.

हे स्थळ आणलं होतं दादासाहेबांनी. जमीन, फ्लॅट, जुना ट्रॅक्टर, लग्न, दादासाहेब सगळ्यात मध्यस्थ आणि सगळीकडं त्यांचं एकच वाक्य, "बघून तर घ्या, बघायला काय जातंय." चाकणचा गणराज जुन्या गाड्यांचा शौकीन. घरच्या जमिनीवर गोडाऊनं बांधून कंपन्यांना भाड्यानं दिलेली, त्यामुळं शौकाला तोटा नाही. त्याला लालीचा फोटो आवडला. दादासाहेबांनी लगेच दुसरा फोटो पुढं केला, वर्षालीचा, सोफ्यावर बसलेला. "एका फेरीत दोन कामं. डिझेल वाचतं."

आता यात वर्षालीनं मुकाट होकार दिला असेल असं वाटेल कुणाला. तसं नव्हतं. तिनं गणराजचा एक व्हिडिओ बघितला होता. भंगारात निघालेली, निम्मी गंजलेली गाडी त्यानं दोन वर्षं खपून उभी केली होती, आणि शेवटी कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला होता, "मोडलेलं फेकायचं नसतं राव. जीव लावला की उभं राहतं." तो व्हिडिओ वर्षाली पुन्हापुन्हा बघायची. दिव्या आली की मोबाईल उशीखाली.

"मी त्याला सांगणार आहे," शनिवारी संध्याकाळी ताई म्हणाली. "पोहे झाले की आम्हाला मागच्या अंगणात बोलायला सोडतील ना, तेव्हा. सगळं सांगणार, आप्पांसकट. पण माझ्या तोंडून, दिव्या. आधी कुणाकडून कळलं तर मी लपवत होते असं होतं. मी सांगितलं तर मी सांगितलं असं होतं. कळतंय?"

"कळतंय गं. मी काय पायाचं नाव काढणारे का?"

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची." आणि दिव्यानं ताईच्या गळ्याची चामडी चिमटीत धरली.

आईचं शास्त्र वेगळं होतं. यशोदाबाईंनी सकाळीच वर्षालीला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, निऱ्या जमिनीला टेकतील अशा सोडल्या, पायाखाली पाट सरकवला. "पाव्हणं येतील तवा तू बसलेलीच. जातील तवा बी बसलेलीच. पोहे दिव्या आणंल, पाणी मी आणीन. पाया पडायचं आलं तर बसल्या जागी हात जोड, गुडघा मुरगळलाय म्हणून सांगते मी. आन् तू गं भवाने, पायाचा पा बी तोंडातून काढायचा न्हाई."

"नाही काढणार म्हटलं ना!"

आप्पांची तयारी गोठ्यात. ताडपत्री काढून त्यांनी लालीला अंघोळ घातली, शाम्पूनं, आणि मग इंजिन चालू करून बिडी ओढत बराच वेळ उभे राहिले. मोठ्या मुलीकडं एकदाही डोकावले नाहीत. तिला कोण पुसणार होतं, ती बसलेलीच होती.

पाहुणे तिघं आले. पुढं दादासाहेब, मागं गणराज, उंच, पांढरे बूट, हसरा. आणि त्याची आत्या गिरजाबाई. आईविना पोराला तिनंच वाढवलं होतं आणि घरात शेवटचा शब्द तिचा, असं दादासाहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं. गिरजाबाईंचे डोळे असे होते की ताटातलं मीठ मोजतील.

"या, बसा, पोहे घ्या," आप्पा म्हणाले.

"पोहे पळून जात्यात व्हय," दादासाहेब हसले.

गणराज गोठ्याकडं बघत होता. "मामा, आधी गाडी बघू का? ऊन आहे तोवर. रंग उन्हातच कळतो."

बेत तिथंच वाकडा झाला, पण तेव्हा तो कुणाच्या ध्यानात आला नाही. गिरजाबाई म्हणाल्या, "तुमी गडीमाणसं गाडी बघा. मी पोरीपाशी बसते." आणि आत गेल्या. मधल्या खोलीची खिडकी अंगणात उघडायची. गजाआड दिव्याला ताईची पाठ आणि तिच्या अंबाड्यातला गजरा दिसत होता.

आप्पांनी लाली ढकलत उन्हात काढली. गणराजनं पहिलं काय केलं, तर बॉनेटवर पालथा हात ठेवला. जशी आई ताप बघते.

"गरम आहे."

"ऊन लागलं आसंल," आप्पा म्हणाले.

"गोठ्यात?"

दादासाहेब खाकरले. दिव्या पोह्यांचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती, आणि तिच्या पोटातून, बरोबर जिथून काढायला ताईनं शिकवला होता तिथून, आवाज निघाला. "सकाळी चालू ठेवली होती आप्पांनी."

सगळ्यांनी वळून बघितलं. आप्पांनी तर असं बघितलं की पोहे करपावेत. पण गणराज हसला. "का गं? का तापवतात गाडी, माहितीय?"

"थंड इंजिन खरं बोलतं. एकदा गरम झालं की सगळ्यांचाच आवाज गोड होतो. धूरपण लपतो."

"आयला!" गणराजनं दादासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं का? ही कोण?"

"धाकटी," दादासाहेब म्हणाले. "वक्तृत्वात पहिली आलीय. तोंड म्हंजी फटाक्याची माळ."

"ये इकडं. ठेव तो ट्रे. आता तू माझ्या बाजूनं."

दिव्यानं ट्रे पायरीवर ठेवला. खरं तर टाकलाच. स्पर्धेत नाव पुकारल्यावर स्टेजची पायरी चढताना जसं छातीत होतं तसं व्हायला लागलं होतं. समोर परीक्षक, फक्त माईक नाही. आणि तिला खरंच वाटत होतं की ती ताईचंच काम करतेय. धाकटी एवढी हुशार, तर थोरली कशी असेल, असं म्हणतील ना पाहुणे?

तिनं ऑइलचं झाकण उघडून उलटं दाखवलं. "दुधासारखं पांढरं असतं तर पाणी मिसळलेलं. हे स्वच्छ आहे." गणराजनं मान हलवली. तिनं चेसिस नंबर कुठं कोरलाय ते दाखवलं, त्यानं तो आरसी बुकाशी ताडून बघितला. बरोबर. दारांच्या रबराखाली नख घालून दाखवलं, की रंग मारताना रबरावर उडालाय का ते असं बघायचं. उडाला होता, थोडा.

"पेंट एकदा मारलाय," आप्पा घाईनं म्हणाले. "जुनी गाडी हाय. पेंट तर मारावाच लागतो. आपन न्हाई व्हय घराला मारत."

"मारावा की मामा. बाया बी मारत्यात," दादासाहेब म्हणाले, आणि तिघंही हसले. दिव्यापण हसली. का हसली ते तिचं तिलाच कळलं नाही, मोठी माणसं हसली म्हणून.

खिडकीतून आवाज आला. "दिव्या! पोहे आत घेऊन ये गं."

वर्षालीचा आवाज. सरळ, शांत, आणि नेहमीपेक्षा एक पट्टी वर. ताई अशी हाक फक्त तेव्हा मारायची जेव्हा दिव्या गॅस चालू ठेवून विसरलेली असायची.

"आले गं, दोन मिनिटं!"

"आत्ता ये."

"आले म्हटलं ना ताई!"

गणराज टायरपाशी उकिडवा बसला होता. "इथं बघ, काय दिसतंय?"

दिव्यानं पुढच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला. "आतल्या बाजूनं झिजलाय. बाहेरून नवा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी डावीकडं ओढते."

"रस्तेच तसले हायेत हितले," आप्पा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "दिव्या, जा आत, तुझी आय बोलावती."

"राहू द्या मामा, माणूस तयार होतोय." गणराजनं खिशातून रुमाल काढला. रुमालात एक चपटं गोल लोहचुंबक होतं, कडा घासून गुळगुळीत झालेलं. त्यानं ते रुमालासकट दिव्याच्या तळहातावर ठेवलं. "रंगाला चरा पडू नये म्हणून रुमाल. आता शेवटचा पेपर. पत्र्यावर चिकटेल, खड्डा भरलेल्या पुट्टीवरून पडेल. सगळी गाडी चाचपत बसू नको. एकच जागा सांग. तुला ही गाडी घ्यायची असती तर कुठं लावलं असतंस?"

तिला जागा माहीत होती. बोटभर अंतरासकट माहीत होती, कारण ताईनं काठीच्या टोकानं दाखवली होती. डाव्या दाराची खालची बाजू आणि तिच्या खालची पट्टी. हे पूर्ण खोटं.

दिव्या लालीला वळसा घालून गेली. ऐटीत गेली, वेणी मागं टाकून. दारावर वरच्या बाजूला चुंबक लावलं, चिकटलं. "खरं," ती म्हणाली. वीतभर खाली आणलं. हात काढला.

टप्.

चुंबक रुमालातून सुटून फरशीवर पडलं आणि घरंगळत खिडकीखालच्या भिंतीला जाऊन लागलं.

"शाब्बास!" गणराजनं टाळीच वाजवली.

"गंजलं व्हतं तितं," आप्पा म्हणाले. "पावसाचं पानी साचून. भरून घेतलं."

आता इथं दिव्या गप्प बसली असती तरी चाललं असतं. लोक गंजावर विश्वास ठेवतात. पण चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसायचं तिनं महिन्याभरापूर्वीच सोडलं होतं. "नाही आप्पा, गंजलं तर पट्टी बदलतात, इथं दाराचा खांब ओढून सरळ केलाय. आत बघा ना, वेल्डिंगच्या गाठी आहेत. आणि दार मिटलं की वर फट बारीक आणि खाली जाड." तिनं दार उघडलं, गालिचा उचलला, आणि गाठी दाखवल्या. ओळीनं, जाडजूड, शिवलेल्या जखमेसारख्या.

गणराज वाकला. बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा हसत नव्हता. पण रागावलाही नव्हता, नुसता हिशोब मांडणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"समोरून नाही, बाजूनं ठोकलीय. दार पार सीटपर्यंत आत आलेलं दिसतंय. या बाजूला कोण बसलं होतं मामा?"

"कोन न्हाई. रिकामीच व्हती."

"खात्री?"

"मंग! मी एकटाच व्हतो."

गणराज वळला. "दिव्या?"

आणि दिव्याच्या घशात तो जुना बोळा येऊन बसला. तोंड उघडलं, आवाज नाही. पोटात नाही, घशात नाही, कुठंच नाही. एवढंच झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांनी घात केला. ज्या क्षणी कळलं की आपण काय केलंय, त्याच क्षणी डोळे आपले आपण खिडकीकडं गेले, गजऱ्याकडं. आणि गजऱ्याच्या शेजारी, गजाला धरून, गिरजाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दिव्याचे डोळे बघितले, डोळे जिथं गेले तिथं बघितलं, मग खाली निऱ्यांकडं आणि पाटाकडं. त्यांना मिठाचा खडासुद्धा मोजावा लागला नाही.

"बाय," गिरजाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "घसा कोरडा पडलाय गं माजा. जरा पानी आन बरं."

"मी आणते की आत्याबाई," यशोदाबाई धडपडून उठल्या.

"तुमी बसा. सकाळपास्नं राबताय. पोरीच्या हातचं पिते मी."

"तिचा गुडघा मुरगळलाय कालपास्नं…"

"चार पावलं तर हायेत. सावकाश ये म्हणावं. आमाला घाई न्हाई."

अंगणात दादासाहेबांनीसुद्धा बघायला काय जातंय असं म्हटलं नाही. ते नुसतं बघत होते.

वर्षाली उठली. पाट पायानं बाजूला सारला. पडदा धरला नाही, भिंत धरली नाही, काठी मागितली नाही. स्वयंपाकघरापर्यंत गेली. दर पावलाला खांदा डावीकडं बुडायचा आणि वर यायचा, बुडायचा आणि वर यायचा. भांड्याचा आवाज आला. मग परत आली, पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन. काठोकाठ तिनं मुद्दाम भरला होता, हे फक्त दिव्याला कळलं. दर डाव्या पावलाला पाणी सांडत होतं, आणि खुर्चीपर्यंत येईतो फरशीवर ओल्या ठिपक्यांची एक ओळ उमटली होती, आणि पेला निम्मा उरला होता.

तिनं तो गिरजाबाईंपुढं धरला. "घ्या. अजून आणू?"

"नगं," गिरजाबाई म्हणाल्या. पाणी प्यायल्या मात्र. सगळं. तहान खरीच लागली होती बहुतेक.

नंतर पोहे झाले. गार झाले होते, पण खाल्ले सगळ्यांनी. आप्पा आणि गणराज लालीचं बोलत राहिले, आणि ते बोलणं छान जमलं. ठोकलेली म्हणून भाव उतरला, पण तुटलं नाही.

"तसं काय नाही हो मामा," गणराज म्हणत होता, लिंबू पिळता पिळता. "जुन्या गाडीला एखादी धडक चालतेच. उलट अशी गाडी हातात आली की मजा. पट्टी नवीन टाकतो, खांब परत ओढतो, सहा महिन्यांत बघायला या. जीव लावला की उभं राहतं."

वर्षालीनं मान वर केली. सगळ्यांसमोर, सरळ त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "मला पाच मिनिटं बोलायचं होतं तुमच्याशी. मागच्या अंगणात."

गणराजचा चमचा थांबला. त्यानं आत्याकडं बघितलं. आत्यानं पोह्यांतली मिरची बाजूला काढली.

"आता काय बोलायचं राहिलंय?" तो म्हणाला. वाईट नाही, अगदी नीट बोलला, जसं बँकेत खिडकी बंद झाल्यावर सांगतात तसं. "कळलंच की सगळं."

"कळलं नाही. तुम्ही बघितलं. मी सांगणार होते."

"आगं बाय, सांगणारी मानसं आधी सांगत्यात," गिरजाबाई म्हणाल्या. "पाट पायाखाली घेऊन बसत न्हाईत. ऱ्हाऊ दे. आमी कळवतो."

कळवतो. हा शब्द या घरात याआधी कधी आला नव्हता, पण त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

निघताना गणराजनं भिंतीपाशी पडलेलं चुंबक उचललं, पुसलं, आणि दिव्याच्या हातात दिलं. "हे तुला. खरं सांगतो, माझ्याकडं पगारी पोरं आहेत, त्यांना एवढं कळत नाही. दहावी झाली की शेडवर ये चाकणला, शिकवतो." मग आप्पांकडं वळून, "धाकटी नंबरी आहे हां मामा."

हेच ऐकायला दिव्या तासाभरापूर्वी ट्रे टाकून धावली होती. शब्दन् शब्द हाच.

लाली तेव्हाच गेली. गणराजनं स्वतः चालवत नेली, आत्या शेजारच्या सीटवर, डोक्यावर पदर धरून. गल्लीच्या तोंडाशी गाडी थोडी डावीकडं गेली, त्यानं स्टेअरिंग हलकेच उजवीकडं धरलं, आणि ती सरळ झाली. एवढंच तर करायचं असतं. टॉवरवरून कुणीतरी फोटो काढला.

दादासाहेबही गेले. आप्पांनी रिकाम्या गोठ्यात एक फेरी मारली आणि येऊन दिव्याच्या कानाखाली वाजवली. "तुझ्या तोंडापायी गाडीचा भाव पडला!"

भाव. गाडीचा. दिव्या रडली नाही. गाल धरून ती वाट बघत होती की पुढं काहीतरी म्हणतील, थोरलीबद्दल. म्हणाले नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले. आई देव्हाऱ्यापाशी तोंडात पदर कोंबून बसली होती.

वर्षाली अजून खिडकीतल्या खुर्चीवरच होती. गजरा काढून तिनं मांडीवर ठेवला होता आणि एकेक फूल सुटं करत होती. फरशीवरचे ठिपके कडेनं वाळायला लागले होते.

"ताई," दिव्या म्हणाली. नीट निघालंच नाही.

"ऐकू नाही आलं. आवाज पोटातून काढ."

"ताई, मी पायाचं नावसुद्धा काढलं नाही गं. खरंच. मी फक्त गाडीचं…"

"हो. तू शपथ पाळलीस. गळा शाबूत आहे माझा." तिनं हात पुढं केला. "ते दे बघू, बक्षीस."

दिव्यानं चुंबक दिलं. वर्षालीनं निऱ्या गुडघ्यापर्यंत सारल्या. डाव्या नडगीवर, जिथं चामडी जांभळट आणि चकचकीत होती, तिथं तिनं चुंबक ठेवलं आणि हात काढला. ते फरशीवर पडलं. टप्.

"बघ. इथंपण पडलं. सांगून ये चाकणला पळत, अजून लांब गेले नसतील."

दिव्या आता रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत. वर्षालीनं तिला रडू दिलं. पूर्ण रडून होईपर्यंत ती फुलं सुटी करत राहिली. मग म्हणाली, "झालं? आता चालून दाखव."

"काय?"

"मी दाखवलं ना? आता तू. इथून चुलीपर्यंत, आणि परत."

दिव्या चालली. ठिपके चुकवत चुलीपर्यंत गेली, परत आली.

"अजून एकदा. मान वर. नंबरी पोरगी आहेस तू."

दुसऱ्या फेरीला दिव्याला ते सहन होईना. दोन्ही पाय कसे बिनबोभाट एकापुढं एक पडत होते, काही न होता, काही न सांडता. अर्ध्या वाटेवर तिनं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं, डावा पाय जरा ओढला. खांदा जरा बुडवला. ताईला बरं वाटावं म्हणून असेल.

"ए," वर्षाली म्हणाली. आवाज चढलाही नव्हता. "नीट चाल. लंगडायचं नाही. ते माझं आहे."

दिव्या नीट चालायला लागली.